बुडावरचा लाल ठिपका

काय बघताय? ग्लासच आहे मी, स्टीलचा. घाटकोपरच्या लताबाईंच्या किचनच्या खिडकीत, ग्रिलवर उपडा. माझे भाऊ आत रॅकवर टेचात उभे, आणि मी इथे कबुतरांसोबत. सगळ्यांवर एकच नाव कोरलंय, 'भीमराज'. लताबाईंचे सासरे. ते रिटायर झाले तेव्हा आमचा सेट आणला.

पण माझ्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. म्हणजे मी सपनाचा.

सपना लताबाईंची धाकटी, कॉलेजात आहे. परीक्षा आली, जागरण झालं, ऊन लागलं की तिच्या ओठाच्या कोपऱ्यावर पाण्याच्या पुळ्या उठतात. खपली धरते, जाते, परत येते. बिल्डिंगमधल्या पोरी विचारतात, कुणाला किस केलंस गं. ती हसते. मग घरी येऊन मला घास घास घासते. माझी पार वाट लागते, पण बोलणार कोणाला यार.

डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या होत्या. पुळ्या असतील तेव्हा ग्लास-टॉवेल वेगळा. बऱ्या झाल्या, की स्वच्छ घासून परत सगळ्यांत. तान्ह्या बाळाची पापी मात्र बिलकुल नाही, त्याच्या जिवावर बेतू शकतं. मधलं वाक्य लताबाईंच्या कानात शिरलंच नाही. पुळ्या गेल्या तरी मी ग्रिलवरच.

मग सपनाच्या दादाला, प्रबुद्धला, मुलगा झाला. नामकरणाला घर भरलं. सपनाचा ओठ साफ होता. साबणाने हात धुऊन ती ओट्याजवळ उभी. बाळाला एकदा मांडीवर घ्यायचं, एवढंच मनात.

तेवढ्यात शेजारच्या प्रेमाकाकूंनी पाणी प्यायला मला उचललं. लताबाईंनी हातातून काढूनच घेतलं. "अहो, तो नको. तो सपनाचा."

काकूंनी आधी मला बघितलं, मग सपनाला. वहिनीने बाळ सपनाला ओलांडून थेट भीमराज आजोबांच्या मांडीवर ठेवलं.

आता आजोबांची एक स्टोरी आहे, सगळ्या घराला पाठ. गावच्या हॉटेलात आपल्या लोकांचे कप बाहेर, कोनाड्यात असायचे. आपणच काढायचा, आपणच विसळायचा. सांगताना अजून त्यांचा आवाज कापतो. मला ग्रिलवर ते रोज बघायचे. कधी काही बोलले नाहीत.

आजोबांनी तोंड बाळाच्या गालाजवळ नेलं.

"आजोबा, पापी नको," सपना म्हणाली.

"तुझं काय मध्येच?" प्रबुद्ध तडकला.

"त्यांच्या मिशीखाली बघ."

मिशीखाली तश्शाच पुळ्या. त्यांनाही येतात, कधीपासून. त्यांच्या आल्या की घरात म्हणतात, ताप फुटला. ठिपका कोणी लावत नाही.

आजोबांनी बाळ वहिनीकडे दिलं. उठले, आपला ग्लास रॅकवरून काढला आणि माझ्या शेजारी उपडा ठेवला. "सपने, याला पण लाव गं ठिपका."

मी जाम खूश. पाहुणे गेल्यावर लताबाईंनी भांडी घासली आणि त्यांचा ग्लास परत रॅकवर. मोठ्या माणसाचा ग्लास बाहेर बरा दिसतो का, म्हणाल्या. मी इथेच. बाळ वाचवलं म्हणून सपनाला कोणी थँक्यू पण बोललं नाही. बाळ तर दिलंच नाही.

तुमच्या खिडकीत असा कोणी उपडा असेल ना, तर त्याला आत घ्या राव.

माझा ठिपका घासून घासून जवळजवळ गेला होता. प्लॅन झकास होता, ठिपका गेला की गुपचूप रॅकमध्ये घुसायचं. काल सपनाने मला उचललं. ओठ एकदम साफ. तिने बाटली उघडली, नवा ठिपका लावला आणि वाळावा म्हणून फुंकर मारली.

मला हातभर लांब धरून.