केबलच्या टोकाची डिस्क

"बेन, तिला मधे नका लावू. ती शेवटची डिस्क आहे," शालिग्रामकाका म्हणाले.

मी ऐकलं नाही. मिलचा डेटा नव्या सर्व्हरवर हलवायला मीच तर आले होते. जुन्या पेटीतल्या चारही डिस्क पुसून मी पेटीतल्याच चपट्या केबलवर परत हाताला येतील तशा अडकवल्या, केबलचं दुसरं टोक नव्या सर्व्हरला जोडलं. पडद्यावर दोनच डिस्क उमटल्या.

काका खाली बसले. मधली डिस्क उलटी करून त्यांनी तिच्या पोटावरचे तीन रेझिस्टर दाखवले. "सिग्नल इथं येऊन थांबतो. टोकाला हे नसले तर माघारी फिरतो नि गोंधळ घालतो." त्यांनी ती डिस्क टोकाला नेली. चारही दिसल्या.

"कुठे शिकलात, काका?"

"इंजिनेर यायचा, त्याचे हात पाहायचो. तुमचं गाव कोनतं?"

"अमळनेर."

"अमळनेरनी शे का तू?" ते पहिल्यांदा हसले. "मंग बोल ना, माय. आठ वरीस व्हयनात, या खोलीमा कोनी आपली बोली बोलनं नही."

पांडेसऱ्याच्या या कापडमिलमध्ये ते आधी रंगखात्यात होते. तिथल्या वाफेने दमा जडला, म्हणून थोरल्या शेठनी त्यांना कॉम्प्युटरच्या थंड खोलीत आणलं. डिस्क बिघडली की नवीला नंबर देऊन केबलवर चढवायची, एवढं काम. बाकी दिवसभर एकटे. लिंबायतच्या घरीही एकटेच.

डेटा नव्या सर्व्हरवर जात होता तोवर मी त्यांना त्याच्या रिकाम्या कप्प्यात एक नवी डिस्क ढकलायला दिली. खट् आवाज झाला.

"बस? नंबर?"

"कप्पाच देतो."

"टोक?"

"ते मागच्या बोर्डवरच आहे."

"चालू मशीनमधून काढली तर?"

"चालतं. नवी घातली की बाकीच्यांवरून भरून निघते."

आणखी काही विचारायचं राहिलंय का, ते शोधत असावेत. मग त्यांनी मान हलवली.

दुपारी धाकटे शेठ भूपेंद्रभाई आले. "बेन, हवे आना माटे माणस जोईए?" आता यासाठी माणूस लागेल का?

खरं उत्तर 'नाही' होतं. टेप बदलायला, धूळ पुसायला, अशी कारणं मी मनात जुळवत राहिले.

"नथी जोईतो, भूपेंद्रभाई," काकाच म्हणाले. "कोई पण नाखी शके." कोणीही डिस्क घालू शकतं.

"तो कालथी पाछा रंगखातामां आवी जजो." म्हणजे उद्यापासून परत रंगखात्यात.

"हा, शेठ."

शेठ गेल्यावर मी म्हणाले, "काका, तुमचा दमा... मी सांगणार होते."

"कसाले खोटं बोलानं, माय?"

त्यांनी जुन्या पेटीचं बटण बंद केलं. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे झाले, तसा त्यांनी हात आडवा धरला.

"थांब. डिस्क फिरी राहिन्यात अजून."

पेटीच्या झाकणावर तळहात टेकून ते उभे राहिले. आतली घरघर बारीक होत गेली, मग थांबली. त्यानंतरही थोडा वेळ त्यांचा हात तिथेच होता.

"आते काढ," ते म्हणाले.