बरोबर निघालेला नकार

कारखाना बंद पडला तेव्हा फिटरला वाटलं होतं, हातात कसब आहे, कुठेतरी लागू. पण पन्नाशी उलटलेल्या माणसाला कोण विचारतो? घर त्याच्या बायकोच्या पगारावर चालू लागलं. ती हॉस्पिटलमध्ये नर्स होती. या गोष्टीबद्दल दोघांपैकी कुणी चकार शब्द काढत नसे. सुरुवातीला त्याने घरातले सगळे नळ दुरुस्त केले, दारांच्या बिजागऱ्यांना तेल दिलं. नळ संपले, बिजागऱ्या संपल्या, मग तो नुसता बसून राहू लागला. ती ड्यूटीवरून यायची तेव्हा सकाळच्याच खुर्चीत, सकाळच्याच शर्टात असायचा.

आणि एक दिवस तिने दार उघडलं तर घरभर कॉफीचा वास. ओट्यावर कप मांडलेले, आणि हा बाह्या सरसावून दुधाला फेस आणतोय.

"बस आधी. पी, आणि खरं सांग, यातली कुठली चांगली?"

"काय खूळ आहे हे?"

"खूळ नाही, धंदा." एका कॉफीच्या कंपनीची फ्रँचायझी मिळत होती. नाव त्यांचं, मशीन त्यांचं, शिकवणारही तेच. जागा आणि मेहनत आपली. बसस्टॉपसमोरचा रिकामा गाळा तो टेपने मोजून आला होता. बाहेरच्या खोलीतली खुर्ची-टेबलं भिंतीला सरकवून त्याने फरशीवर खडूने अख्खं दुकान आखलं होतं. "इथे काउंटर. तू दारातून आलीस ना, की मी आधी तुलाच दिसणार," असं म्हणत तो रेघेच्या आत जाऊन उभाही राहिला.

तिला हसू आलं. कित्येक महिन्यांनी तो असा भरभरून बोलत होता. पण अंथरूण पाहून पाय पसरावेत हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. जमवलेलं सगळं एका दुकानात घालायचं, तर आधी चौकशी नको?

तिने रजा टाकली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्याच कंपनीच्या एका दुकानात जाऊन बसली. गिऱ्हाईक नव्हतंच. मालकीणबाई स्वतःच कप घेऊन आल्या आणि विचारल्याबरोबर मन मोकळं करून बसल्या.

"बोर्डावर नाव त्यांचं, भाड्याच्या पावतीवर माझं. बिस्किटसुद्धा त्यांच्याकडूनच घ्यायचं, त्यांच्याच भावाने. विकलं तर त्यांचा वाटा, उरलं तर सगळं माझ्या गळ्यात."

"मग सोडून का देत नाही?"

"करार झालाय ना, ताई. वाघाच्या पाठीवर बसलेय. उतरू कशी?"

परतताना बसमध्ये तिने ठरवलं, जेवणं झाली की शांतपणे सांगायचं, त्याचं मन न दुखवता. पण घरी आली तर कंपनीचा माणूस आधीच येऊन बसलेला. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्यासमोर, खुर्चीच्या अगदी कडेला.

"या मॅडम," तो माणूस म्हणाला. "साहेबांना धंद्याची फार चांगली नजर आहे हो."

दिवसभराचा शीण, मालकीणबाईंचा चेहरा, आणि त्यावर हा गुळगुळीत आवाज. राग आला होता त्या माणसाचा, निघाला मात्र भलत्यावरच.

"नजर?" ती हसली. "अहो, यांना वर्षभरात स्वतःसाठी एक नोकरी शोधता आली नाही, हे दुकान काय चालवणार!"

कंपनीचा माणूस कागद गोळा करू लागला. फिटरने तिच्याकडे पाहिलं नाही. तो उठला आणि त्या माणसालाच म्हणाला, "थांबा, कॉफी घेऊन जा. झालीच आहे."

दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा तो गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने फरशीवरच्या खडूच्या रेघा पुसत होता. तिने सगळं सांगितलं, ते दुकान, तो करार. त्याने नीट ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तुझं."

"काल मला तसं म्हणायचं नव्हतं हो."

"अगं, खोटं काय बोललीस त्यात?" त्याने फडकं बादलीत पिळलं.

तो भांडला असता तर बरं झालं असतं.

तो गाळा बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थाने घेतला. कामावर जाताना तिला बसमधून ते दुकान दिसायचं. दिवे, रंगीत टोप्या घातलेली पोरं, काचेवर कंपनीचं नाव. ते चांगलं चाललं तर आपण कुठल्या तोंडाने घरी जायचं, अशी भीती तिच्या मनात बसली होती, आणि त्या भीतीची तिला लाजही वाटायची. मग दोन वर्षांनी एका सकाळी शटर खाली दिसलं. पुढच्या आठवड्यात बोर्डही उतरला. त्या संध्याकाळी ती जवळजवळ पळतच घरी आली.

"बंद पडलं हो ते दुकान! वाचलो आपण."

"हं, माहीत आहे," तो म्हणाला. "वाईट झालं. सज्जन माणूस होता."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"जायचो कधीकधी. मशीन सारखं बिघडायचं त्यांचं, कंपनी माणूस पाठवायची नाही. मी नीट करून द्यायचो. पैसे घेतले नाहीत, कॉफी प्यायचो फक्त."

"मला कधी बोलला नाहीत."

"तुला आवडलं नसतं."

हे त्याने अगदी साधेपणाने सांगितलं. दोन वर्षं हा माणूस तिच्या पाठीमागे त्या काउंटरच्या आत उभा राहत होता, आणि घरी येऊन हात धुऊन तिची वाट पाहत होता. तिचा नकार बरोबर निघाला होता. कुणालाही विचारलं तरी हेच सांगेल. पण नकार आणि ते वाक्य, या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. नकार देताना ते वाक्य बोलायची काही एक गरज नव्हती.

"ऐका ना," ती त्याच्याजवळ बसली. "मशीन दुरुस्तीचंच काहीतरी सुरू करू या का? छोटंसं. कुणाचं नाव नको, करार नको. तुमचं स्वतःचं. मी आहे ना पाठीशी."

त्याने तिचा हात थोपटला, एखाद्या पेशंटचा थोपटावा तसा.

"आता कशाला? चाललंय ना बरं."

तिने काही दिवसांनी पुन्हा विषय काढला, नंतरही एकदा काढला. दरवेळी तो हसून "बघू" म्हणाला, आणि पाण्याची बाटली भरून तिच्या पर्सशेजारी ठेवून दिली, तिची बस चुकू नये म्हणून.