कोनाड्यातलं पितळी ताट

मोहनरावांना कचेरीत जी जागा मिळाली होती, ती दुसऱ्या कुणाला नको होती म्हणूनच उरली होती. दप्तरखान्याच्या दाराजवळचा कोपरा. खिडकी लांब, भिंती काजळलेल्या, आणि कागदांच्या जुन्या बस्त्यांमधल्या कसरीचा वास कायमचा मुक्कामाला. तिथं मांडी घालून, उतरत्या मेजावर कागद ठेवून हा सरळमार्गी माणूस अकरा वर्षं जमिनीच्या कागदांच्या नकला उतरवत होता. निजामाचं राज्य केवढंही मोठं असो, त्यातला हातभर उजेड काही त्यांच्या वाट्याला आला नव्हता.

पुढं डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि अक्षरांवर डाग पडू लागले. महिन्याभरात दोन नकला परत आल्या. तहसीलदारांच्या खालोखाल दरारा पेशकार शहादेवरावांचा. त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "आणखी एक परत आली की घरी बसा." घरी बसून खायचं काय, ते मात्र सांगितलं नाही.

मुक्ताबाईंनी नवऱ्याचा उतरलेला चेहरा पाहिला आणि सगळं वदवून घेतलं. बायका कचेरीची पायरी चढत नसत, त्यामुळं ती जागा त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. पण प्रश्न असे विचारले की मोहनरावांच्या नाकी नऊ आले.

"दार कोण्या अंगाला हाय? ऊन कुठवर येतं? तुमी तोंड कुणीकडं करून बसता?"

चुलीतल्या कोळशानं त्यांनी जमिनीवर सबंध कचेरी काढली. मग म्हणाल्या, "दमडी लागायची न्हाई. मी सांगते तसं करा, अन् लाजू नका."

मोहनराव लाजलेच. तरी दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच ते सिंदफणा नदीच्या काठची पांढरी माती घेऊन हजर झाले. कोपऱ्याच्या भिंतींना दोन हात दिले. बसायला जुन्या लुगड्यांची चौपदरी गोधडी आली. कसर पळावी म्हणून बस्त्यांत कडुनिंबाचा वाळला पाला गेला. समोरच्या भिंतीत, कचेरीच्या मोठ्या दारातून येणाऱ्या उन्हाच्या वाटेवर, एक कोनाडा होता. तोही सारवून त्यात चिंच-राखेनं घासलेलं पितळी ताट तिरकं उभं केलं. ताटावर पडलेलं ऊन उडी मारून थेट मेजावर आलं. ऊन सरकेल तसं ताट दोन बोटं सरकवायचं, हेही मुक्ताबाईंनी बजावलं होतं.

त्या दिवशी मोहनरावांना स्वतःचं अक्षर सुरेख दिसलं आणि ते एकटेच हसले.

पण नकला घ्यायला येणाऱ्या वाडीवस्तीच्या लोकांना काय दिसलं? पांढराशुभ्र कोनाडा आणि आत झळाळणारं पितळ. त्यांनी वहाणा बाहेरच काढल्या. धुळाजी नावाच्या मेंढपाळानं सुपारी ठेवून हळदकुंकू वाहिलं. मंगळवारी नारळ फुटला. मोहनराव सांगून थकले, "बाबांनो, हे आमचं जेवायचं ताट हाय." लोक एकमेकांकडं पाहून माना डोलवत. देवाजवळचा माणूस असा लीन असायचाच, असं त्यांना वाटे.

"नकलनविसानं कचेरीत देऊळ काढलंय," पेशकारांनी वर कळवलं. तहसीलदार साहेब स्वतः उठून आले. मोहनरावांनी ताटाकडं पाहिलं. ताट गेलं की उजेड गेला, आणि उजेड गेला की पुढची डागाळलेली नक्कल शेवटची.

"हे काय आहे?"

"हुजूर, देव न्हाई. उजेड हाय."

साहेब वाकले आणि सरळ त्या गोधडीवर बसले. त्यांनी एक ओळ लिहिली. मग ताट पालथं करायला लावलं, पुन्हा एक लिहिली, आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"पेशकारसाहेब, माझ्या खोलीतसुद्धा इतका उजेड नाही. नारळ-सुपारी बंद. ताट राहील. लिहा हुकूम." मग मोहनरावांकडं वळून त्यांनी विचारलं, "ही तजवीज कुणी केली?"

"आमच्या... घरातून, हुजूर."

"हुकुमात घर लिहू? नाव सांगा."

मोहनरावांच्या लग्नाला वीस वर्षं झाली होती. मांडवात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर बायकोचं नाव त्यांनी ओठांवर येऊ दिलं नव्हतं. कुणीच घेत नसे, चारचौघांत तर नाहीच. "मीच केली" म्हटलं असतं तर सुटका होती. भोवतालचे बोरू थांबले. मोहनरावांचे कान तापले. पण जिच्यामुळं नोकरी राहिली, तिला कागदावर पुसून टाकायला त्यांचं मन धजेना.

"मुक्ताबाई," ते म्हणाले. कुणाला नीट ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा, मोठ्यानं, "मुक्ताबाई."

बातमी त्यांच्या आधीच घरी पोचली. ते आले तेव्हा मुक्ताबाई पाठ करून भाकरी थापत होत्या.

"कचेरीत माझं नाव घेतलं म्हणं."

"घेतलं."

"समद्यांदेखत?"

"सरकारी कागदावर बी हाय आता."

त्यांचा हात थांबला होता, तव्यावरून धूर निघत होता. मग मागं न वळताच म्हणाल्या, "समद्या कचेरीत घेता येतं, मग घरातच कावून न्हाई?"

उंबऱ्यातच उभं राहून मोहनरावांनी घसा साफ केला.

"मुक्ता," ते हळूच म्हणाले, "भाकरी करपली."