ट्रायल न घेतलेली गाडी

टेलर मास्तरांनी नवी मोटरसायकल आणली, त्या दुपारी ती दुकानाच्या दारातच पडली. पडली म्हणजे आदळली नाही. पेंगणारा माणूस खुर्चीतून कलंडावा तशी ती सावकाश डावीकडे झुकत गेली आणि तिच्याबरोबर मास्तरही तितक्याच सावकाश खाली गेले. समोरच्या सलूनमधलं एक गिऱ्हाईक तोंडाला फेस असतानाच धावत आलं.

"गाडीला लागलं का हो?" त्याने विचारलं.

मास्तरांना लागलं का, हे कोणी विचारलं नाही. त्यांची बायको काजं करता करता उठून उंबऱ्यात आली होती. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"अहो, उतरायची ही नवीन पद्धत का?"

मास्तर पन्नाशी ओलांडलेले, ठेंगणे, अंगाने सडपातळ. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. त्यांचा एकच नियम होता: ट्रायल घेतल्याशिवाय कोट दुकानाबाहेर जाणार नाही. उद्या लग्न आहे म्हणून नवरदेव रडकुंडीला आला तरी आधी ट्रायल. या गाडीची ट्रायल मात्र त्यांनी घेतली नव्हती. शोरूममध्ये ती बाजूच्या स्टँडवर तिरकी उभी होती. मास्तर चढले, डावा पाय जमिनीला लागला आणि विषय संपला. विक्रेत्या मुलीने एकदा चालवून बघायचा आग्रह केला आणि पायाची आतली लांबी विचारली. "तीस इंच," मास्तर म्हणाले. "ट्रायल ज्यांना माप माहीत नसतं त्यांच्यासाठी." टेलर मास्तरच आपलं माप सांगतोय म्हटल्यावर मुलीने तीस लिहून घेतलं आणि बिल फाडलं.

गाडी होती जुन्या धाटणीची स्क्रॅम्बलर. पूर्वी हौशी लोक साध्या गाडीवरचं जास्तीचं पत्र्याचं काम काढून टाकत, सायलेन्सर वर उचलून घेत, रुंद हँडल लावत आणि खडकाळ रस्त्यांवर घालत. तसल्या गाडीचीच ही नवी आवृत्ती. गोल दिवा, थेंबासारखी टाकी, तारांची चाकं, जाड दातेरी टायर. तपकिरी सीटवर आडव्या शिवणी. पण मास्तरांना भुलवलं होतं एका रेघेने. टाकीच्या खालून निघालेली रेघ सीटच्या बुडाने सरळ मागच्या दिव्यापर्यंत जात होती. कुठे चुणी नाही, कुठे जोड नाही. "असा कट मला आयुष्यात एकदा जमला असता तर!" असं ते ज्याला त्याला सांगत. गाडी खडकाळ रस्त्यावर नेणार का, असं विचारलं की म्हणत, "छे! खराब होईल."

संध्याकाळी साडू आले. मास्तरांच्या मेव्हणीचे यजमान. ताडमाड माणूस, दुकानात शिरताना वाकायचे आणि शिरल्यावर सरळ व्हायचं विसरायचे. बातमी त्यांना सलूनमधून कळली होती. ते गाडीवर बसले. दोन्ही पावलं सपाट जमिनीवर, वर गुडघे वाकलेले.

"मास्तर, गाडी तर माझ्याच मापाची दिसते," ते म्हणाले.

"उतरा साडूबुवा, टाकीवर ओरखडा येईल."

"ओरखडा आलाय की दुपारीच. असं करू. रविवारी मी येतो. तुम्ही चौकापर्यंत जाऊन या आणि माझ्यासमोर गाडी थांबवा. पाय टेकला तर गाडी तुमची. नाही टेकला तर घेतली त्याच किमतीत मी नेतो. गाडी घरातल्या घरात राहील."

मास्तर बायकोकडे पाहू लागले. ती आपल्या बाजूने बोलेल असं त्यांना वाटलं होतं.

"ठरलं, भाऊजी," ती म्हणाली. "यांचा पाय प्लास्टरमध्ये बघण्यापेक्षा गाडी तुमच्या दारात बघितलेली बरी."

पुढचे दिवस मास्तरांनी गाडी सोडून सगळं बदलून पाहिलं. जाड तळव्याचे बूट आणले, तर बुटाचं नाक गिअरच्या दांड्याखाली जाईना. मेकॅनिककडे गेले. तो म्हणाला, मागचे स्प्रिंग खाली घेतो. पण मग गाडीचं पोट खाली येणार, आणि स्टँड लांब पडून ती सरळ उभी राहणार. "वाऱ्याने पडेल मग," तो म्हणाला. "तुमची गरजही लागणार नाही." शेवटी त्याने सीटमधला फोम वरून कापायचा उपाय सुचवला. मास्तर ताडकन उठले.

"त्या रेघेला खड्डा पाडू? आरशासमोर कोट घालून वर गोणपाट पांघरण्यासारखं आहे ते!"

दुकानात परत येऊन त्यांनी हेच तावातावाने सांगितलं. बायको एका जाकिटाचं अस्तर टिपत होती.

"गिऱ्हाईक असं बोललं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?" तिने विचारलं.

"माझी गोष्ट वेगळी. माझं माप बरोबर आहे. तीस इंचाच्या माणसाला ती गाडी बसायलाच हवी. कंपनीचंच काहीतरी चुकलंय."

बायकोची सुई थांबली. तिने ती अस्तरात खोचून ठेवली.

"तीस नाही."

"काय तीस नाही?"

"तुमचा पाय. साडेअठ्ठावीस आहे."

मास्तर हसले. मग तिचा चेहरा पाहून हसायचे थांबले.

"लग्नानंतर तुम्ही स्वतःसाठी पहिली पँट शिवलीत ना, ती टाचेखाली लोळत होती," ती म्हणाली. "मी रात्रीत दीड इंच वर घेतली. म्हटलं, पुढच्या वेळी तुमच्या लक्षात येईलच. तुम्ही पुन्हा तीसच कापली. मग मी पुन्हा वर घेतली. आता तर सवयच झालीय."

"प्रत्येक पँट?"

"प्रत्येक. तुम्ही आरशात बघून म्हणायचात, कटिंग बघ कसं पडलंय! तेव्हा मी काय सांगणार होते?"

"आणि कापलेल्या पट्ट्या?"

तिने दाराकडे बोट दाखवलं. उंबऱ्याशी पट्ट्या विणून केलेलं जाड पायपुसणं होतं. काळा, करडा, निळा, तपकिरी रंग. मास्तरांनी ते पहिल्यांदाच नीट पाहिलं. काही कापडं ओळखूही आली.

खरं तर चूक कुठे झाली ते त्यांना लगेच कळलं होतं. आपल्या पायाचं माप आपल्याला घेता येत नाही. आकडा वाचायला वाकलं की टेप सरकते. नव्या कारागिराला ते हे पहिल्याच दिवशी शिकवत. फक्त गुरूलाही हा नियम लागू असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

ते मशीनवर जाऊन बसले आणि तासभर शिवत राहिले. रागावलेले मास्तर फार सरळ शिलाई मारत. मग त्यांनी गळ्यातली टेप काढून तिच्यापुढे धरली.

"घे माप. पण गाडीवर बसवून घे."

गाडी दुकानात आणून मधल्या स्टँडवर सरळ उभी केली. मास्तर चढले. बायकोने गुडघ्यांवर बसून टेप लावली, काढली, पुन्हा लावली.

"अहो, उंचीत नाही घोळ, रुंदीत आहे," ती म्हणाली. "सीट पुढेच इतकी पसरट आहे की मांड्या फाकतात. तिथेच पाय संपतो. खाली यायला उरतो कुठे?"

मास्तरांनी वाकून पाहिलं. मग "वाकू नका!" असा ओरडा खाऊन सरळ झाले. तिने खडूने दोन्ही बाजूंना खुणा केल्या.

सीटचं कव्हर उसवायला त्यांना कोटाच्या बाहीपेक्षा जास्त वेळ लागला. फोम वरून त्यांनी जराही कापला नाही. मांड्या येतात तिथल्या दोन्ही कडा हॅकसॉच्या पात्याने तासल्या, घासल्या, पुन्हा तासल्या. कव्हर नव्याने कापलं, आडव्या शिवणी होत्या त्याच अंतरावर मारल्या. बायको मधूनमधून येऊन एक डोळा मिटून पाहत होती.

"डावीकडे अजून जरा. उजवी बारीक झालीय."

"मला शिकवतेस?"

"नाही हो. तीस इंचवाल्यांना कोण शिकवणार?"

त्यानंतर ट्रायल झाली. एक नाही, चार. चौथ्या वेळी डावा पाय चवड्यापर्यंत टेकला. टाच अधांतरीच होती.

रविवारी साडू आले ते मेव्हणीला घेऊन, आणि खिशात हेल्मेटखाली बांधायचा हातरुमाल घेऊन, म्हणजे परत जाताना गाडीवरूनच जायच्या तयारीने. थांबायची जागा त्यांनीच निवडली. दुकानासमोर रस्ता कडेला गटाराकडे उतरत होता; ते बरोबर त्या उतारावर जाऊन उभे राहिले.

"इथे थांबायचं, मास्तर. माझ्यासमोर."

मास्तरांनी उतार पाहिला. डावा पाय तिथे अजून खोल जाणार होता. ते चौकापर्यंत गेले, वळले, परत आले. येताना वेग इतका कमी होता की सलूनवाला दारात येऊन थांबला. उजव्या पायाने ब्रेक दाबत मास्तर उतारावर आले. गाडी थांबली आणि डावीकडे झुकू लागली. मास्तर सीटवरून जरासे डावीकडे सरकले, पाय खाली सोडला. चवडा जमिनीला लागला. गाडी एकदा हलली. मग उभी राहिली.

"टाच वर आहे!" साडू म्हणाले.

"पाय टेकायचं ठरलं होतं," मेव्हणी म्हणाली. "टाचेचं नाव तुम्ही काढलं नव्हतंत."

"तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"गाडी आपल्या दारात आली तर पुसावी मलाच लागेल."

साडूंना हे पटलं नाही. ते म्हणाले, निदान एकदा बसून बघतो. मास्तरांनी गाडी सपाटीवर नेऊन दिली. साडू बसले, आणि बारीक केलेल्या सीटवरून घसरत थेट टाकीला जाऊन टेकले. हँडल वळवलं तसा त्याचा कोपरा त्यांच्या गुडघ्यावर बसला. दुसरीकडे वळवलं तर दुसऱ्या गुडघ्यावर. मागे सरकायचे, पुन्हा पुढे यायचे.

"काय केलंत काय हिला?" ते उतरून गाडीभोवती फिरले. एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं, वाकून पाहिलं. "बाहेरून तर काहीच कळत नाही!"

मास्तरांचा चेहरा फुलला. दुरुस्तीच्या कामाला याहून मोठी शाबासकी त्यांना आजवर मिळाली नव्हती, आणि मिळाली ती साडूंकडून.

साडूंनी किल्ली परत केली. पण पाय निघेना. टाकीवरून हात फिरवत म्हणाले, "एक चक्कर तरी मारू द्या की."

"बसा मागे."

साडू मागे बसले. गाडी हलली तेव्हा मागून पाहणाऱ्यांना मास्तर दिसेनासेच झाले होते. समोरून पाहणाऱ्याला साडूच गाडी चालवताहेत आणि त्यांच्या छातीवर हेल्मेट अडकवलंय असं वाटलं असतं.

"साडूबुवा," चौक आला तसे मास्तर ओरडले, "सिग्नल लाल आहे. पाय टेका."

मागून दोन्ही पावलं सपाट खाली आली. गाडी रस्त्याच्या मधोमध भिंतीसारखी उभी राहिली. मास्तरांनी आपले दोन्ही पाय फूटरेस्टवर तसेच ठेवले आणि शेजारच्या बसमधल्या माणसांकडे आरामात पाहिलं.