अकरा दहाचा मेसेज

आईने बाबांना पहिला मेसेज अकरा दहाला पाठवला: "वर या." अकरा अठराला दुसरा. साडेअकराला तिसरा, त्यात नुसतं उद्गारचिन्ह. पावणेबाराला तिने वाट बघणं सोडलं, वॉकर ओढला आणि एकटीच बाथरूमकडे निघाली. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम सोळा दिवस झाले होते. दाराशी पाय मुडपला आणि ती चौकट धरून कशीबशी उभी राहिली. बाबा जेवायला वर आले तेव्हा ती तशीच उभी होती. तिच्या हाताची बोटं पांढरी पडली होती.

खाली बाबांचं सुतारकामाचं दुकान आणि वर घर, मधे सतरा पायऱ्या. करवतीचं मशीन सुरू केलं की बाबा कानांवर आवाज अडवणारे जाड मफ चढवत. मग हाकेचा उपयोग नाही, फोनच्या रिंगचाही नाही. म्हणून तर थोरल्या मुलाने परगावाहून स्मार्टवॉच पाठवलं होतं. मेसेज आला की मनगटावर थरथर व्हायची आणि बाबा वर यायचे. पहिले सहा दिवस काम चोख चाललं. मग घड्याळ मनाला येईल तेव्हा थरथरायला लागलं.

मावशीला, म्हणजे आईच्या थोरल्या बहिणीला, त्याच संध्याकाळी सगळं कळलं.

"सतरा पायऱ्या चढायला चाळीस मिनिटं लागतात का तुझ्या नवऱ्याला?" ती फोनवर म्हणाली. "उद्या चार वाजता गाडी घेऊन येते. दोन महिने माझ्याकडे राहा."

मावशीचं घर तीन तासांवर. आईला जायचं नव्हतं. इथल्या व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी तिचा गुडघा आत्ता कुठे काटकोनापर्यंत आणला होता. पण कालच्या प्रकारानंतर नको म्हणायला तिला तोंड उरलं नव्हतं, आणि बाबांना तर त्याहून नव्हतं. ते सकाळपासून एकाच फळीला दुसऱ्यांदा रंधा मारत होते.

धाकट्या मुलीने रजा टाकली. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा तिथला नियम तिच्या अंगात मुरला होता. थोरल्याने फोनवर सांगितलं, "सगळं पुसून टाक आणि पहिल्यापासून जोड." तिने ऐकलं नाही. पुसून टाकल्यावर चालू झालं तर कशामुळे बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही, आणि चार दिवसांनी पुन्हा बंद पडलं तर? शिवाय दोष कुणाचा हे ठरायच्या आत घड्याळाला शिक्षा म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

तिने आईच्या फोनवरून मागच्या दहा दिवसांतल्या मेसेजच्या वेळा कागदावर उतरवल्या आणि खाली दुकानात गेली.

"बाबा, यातले कुठले मेसेज घड्याळावर आले, कुठले नाही?"

बाबांनी चष्मा वर सरकवला. "हा आला. तेव्हा मी स्क्रू आणायला गेलो होतो. हा जेवताना आला, म्हणजे काही उपयोगच नाही, ती समोरच बसलेली. हा नाही आला. हा नाही. हाही नाही."

"म्हणजे दुकानात असलात की येत नाही."

"मशीनमुळे असेल. मोठी मोटर आहे, काहीतरी गडबड करत असणार."

"करून बघू."

"बघा शास्त्रीबाई. चारच्या आत बघा फक्त."

धाकटीने फोन बाबांच्या खिशात घालायला लावला, मशीन सुरू करवलं आणि मेसेज पाठव म्हणून दारातून वर खिडकीतल्या आईला हात केला. मनगट थरथरलं. म्हणजे मोटर निर्दोष सुटली. मग तिने मशीन बंद केलं, फोन नेहमीप्रमाणे बाकावर फळीला टेकवून ठेवायला सांगितलं. आईने पुन्हा मेसेज पाठवला. काहीच नाही. फोन घड्याळापासून दोन हातांवर. ब्लूटूथ जोडलेलं. मेसेज फोनवर आलेला स्पष्ट दिसत होता.

"खिशात चालतं, बाकावर चालत नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "का?"

"बाक सागवानी आहे. त्याला आवडत नसेल," बाबा म्हणाले.

तिने बॅटरी वाचवण्याची सेटिंग पाहिली, नोटिफिकेशनची परवानगी पाहिली. सगळं ठीक होतं. पावणेतीन झाले. बाबांना राहवेना. "इकडे दे जरा, माप बघू दे. ही फळी तरी होईल." त्यांनी फोन घेतला, पुन्हा फळीला टेकवला आणि वाकून कपाटाचं चित्र बघू लागले.

धाकटी बघत राहिली. पाच मिनिटं झाली, फोनला कुणी बोट लावलं नव्हतं, तरी पडदा उजळलेलाच होता.

"बाबा, फोन लॉक होत नाही?"

"नाही. मीच केलंय तसं. या कपाटाच्या गिऱ्हाइकाने मापं कागदावर दिली नाहीत, फोनवर पाठवली. हाताला सरस, बोटांवर भुसा, फोन बोट ओळखायलाच तयार नाही. दर दोन मिनिटांनी हात धुवू का? म्हणून कायम उजेड राहील असं करून टाकलं. खिशात घालताना तेवढा बटण दाबून बंद करतो."

"कधी?"

"काम घेतलं तेव्हा. झाले दहा दिवस."

"सांगितलं नाहीत कधी!"

"त्यात सांगण्यासारखं काय? तू विचारलंस घड्याळाबद्दल, हे तर फोनचं."

तिने घड्याळाचं ॲप उघडलं. सूचनांच्या पानावर खाली एक ओळ होती: फोन वापरात असताना घड्याळावर सूचना दाखवू नका. शेजारचं बटण चालू होतं, घड्याळ आलं तेव्हापासून. पडदा उजळलेला आहे म्हणजे माणूस फोनकडे बघतोय, त्याला मनगटावर वेगळं कशाला सांगायचं, असा घड्याळाचा सरळ हिशेब. दहा दिवस त्याची समजूत होती की बाबा दिवसभर फोन बघत बसलेत, आणि बाबा पाठमोरे करवतीपाशी.

तिने ते एकच बटण बंद केलं. बाकी कशाला हात लावला नाही. आईने मेसेज पाठवला.

"आला!" बाबा म्हणाले आणि मनगट कुणी चावल्यासारखं झटकलं.

मावशी चारला दहा मिनिटं असताना आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पर्स मांडीवरून खाली न ठेवताच म्हणाली, "बघू तरी."

धाकटी जिन्याकडे निघाली.

"तू इथेच बस. सांगून घेतलेली परीक्षा कसली?" मावशीने तिला अडवलं.

आईने टाइप केलं: "वर या." खालून करवतीची घरघर चालूच होती. एक मिनिट गेलं. मावशीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आईने चादरीची कड मुठीत धरली. धाकटीच्या मनात येऊन गेलं की घड्याळ चार्जिंगला लावून ठेवलं असेल, की बाह्या दुमडताना काढलं असेल. दोन मिनिटं. मग घरघर थांबली आणि जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. बाबांच्या भुवयांवर भुसा होता.

"काय गं? काय झालं?"

"अडीच मिनिटं," मावशी म्हणाली.

"फळी अर्धी कापून झाली होती, अक्का. करवत मधेच सोडली तर ती मलाच सोडणार नाही."

"अडीच मिनिटं मी थांबेन," आई म्हणाली. "कुणी येतंय की नाही हेच कळत नाही, तेव्हा थांबवत नाही."

"एकदा आला म्हणून रोज येईल कशावरून?"

मावशीचा प्रश्न बरोबर होता.

"मी आज राहते," मावशीने ठरवलं. "उद्या दिवसभर हिच्या फोनवरून मला वाटेल तेव्हा मेसेज पाठवीन. एक जरी चुकला तरी हिला नेणार."

"दिवसभर?" बाबांनी विचारलं.

"दिवसभर."

दुसऱ्या दिवशी तिने चौदा मेसेज पाठवले. त्यांतले दोन बाबा चहाला टेकल्या टेकल्या, आणि एक तर ते जिना उतरत असतानाच. चौदाच्या चौदा पोचले. चौदाव्या खेपेला बाबा दारातच खाली बसले आणि म्हणाले, "अक्का, आता मलाच घेऊन जा."

संध्याकाळी मावशी एकटीच गाडीत बसली. काच खाली करून तिने वर खिडकीतल्या बहिणीला ओरडून सांगितलं, "काही लागलं तर मला नको कळवूस. त्याला कळव!"