डोमाचा आवाज

सिंदेवाहीच्या बसस्टँडजवळच्या ऑनलाइन सेंटरमध्ये दिव्यानी लोकांचे दाखले काढून द्यायची आणि सर्व्हर बंद पडला की गेम शोधायची. ज्यांच्या जाहिराती होतात ते गेम नाहीत. कुणी एकट्यानं घरी बसून केलेले, फारसं कुणाला ठाऊक नसलेले. चांगला सापडला की त्यावर आपल्याच बोलीत व्हिडिओ टाकायची. "यात एक म्हातारी बकरी घेऊन नदी पार करते. बाकी काई होत नाई. पन मले रडू आलं." बघणारे थोडेच होते, पण ते शेवटपर्यंत बघायचे.

त्यातल्याच एकानं तिला एक लिंक पाठवली. 'ताई, हा तुमच्याकडचा वाटते.'

गेम उघडला आणि तिनं तलाव ओळखला. तिच्याच गावचा. बांधावरचं मोहाचं झाड, दगडाला बांधलेला लाकडी डोंगा, वाळत घातलेलं जाळं. डोंग्यातला म्हातारा म्हणाला, "हळू हाण बाई, पानी भेते."

तिच्या बापाचा, डोमाचा आवाज. डोमा गेल्याच्या आदल्या पावसाळ्यात आजारपणानं गेला होता. घरात त्याचा एक फोटो होता, आवाज कुठंच नव्हता.

गेम सुरेंद्रनं केला होता. चंद्रपूरच्या कॉलेजात तो तिच्या वर्गात होता. एका दिवाळीत तो त्यांच्याकडं राहायला आला, तेव्हा तिच्या मायनं, गिरजानं, त्याला मरळ रांधून घातली आणि डोमानं डोंग्यातून तलावभर फिरवलं. सुरेंद्र त्याचं बोलणं रेकॉर्ड करत फोन पुढं धरून बसायचा. "आठवन म्हणून, काका." नंतर तो पुण्याला गेला.

दिव्यानीनं गेम शेवटपर्यंत खेळला. शेवटी म्हातारा एकटा मरतो. पोरगी शहरात असते, त्याचा फोन उचलत नाही. खाली लोकांनी लिहिलं होतं, किती खरं आहे हे!

तिनं सुरेंद्रला फोन लावला. "माह्या बापाले काऊन टाकलं गेममंदी?"

"अगं, प्रेमानंच केलंय. नाव बदललंय ना?" तो आता पुण्यासारखं बोलत होता.

"अन् ते पोरगी?"

"ती काल्पनिक आहे. गोष्टीला शेवट लागतो, दिव्यानी."

"मी कॉलेज सोडून त्याच्यापाशी होती. माह्या हातात जीव सोडला त्यानं."

"तू फार मनाला लावून घेतेस."

तिनं त्याच रागात त्याला आणि गेम विकणाऱ्या साइटला लिहून पाठवलं. आम्हाला विचारलं नव्हतं. बाबांचा आवाज काढा, सगळी रेकॉर्डिंग पुसून टाका.

संध्याकाळी ती तो गेम पुन्हा लावून बसली होती. गिरजा चुलीपासून उठून आली. "कोन बोलून राह्यलं व?"

दिव्यानीनं फोन तिच्या हातात दिला. गिरजानं तो कानाला लावला, मग समोर धरून पाहत राहिली. "आनखी एक डाव."

मग ते रोजचंच झालं. बाजारात मासे विकून आली की ती फोन मागायची. कुठं बोट ठेवलं की तो बोलतो, कुठं हसतो, हे तिला कळलं होतं. दिव्यानी तिला गेममध्ये तलावाच्या पुढं, म्हाताऱ्याच्या मरणापर्यंत, जाऊ देत नव्हती. तक्रार मागं घ्यावी असं तिच्या मनात आलं, पण सुरेंद्रवरचा राग गेला नव्हता. आणि अशा तक्रारीला उत्तर कोण देतं?

एक दिवस गिरजानं बोट ठेवलं आणि फोन बोलला, "हळू वल्हव पोरी, पाणी घाबरतं." कुण्या नटाचा घोटीव, जाड आवाज.

"हे कोन व्हय?" गिरजा म्हणाली. "ते कुठी गेले?"

गेम आपोआप अपडेट झाला होता. दिव्यानीनं पुन्हा फोन लावला.

"तूच लिहिलंस ना पुसा म्हणून?" सुरेंद्र म्हणाला. "वकिलानं सांगितलं, काही ठेवू नका. मूळ रेकॉर्डिंगही पुसली."

"एखादी असन रे. शोधून पाय ना."

"नाही. आणि खरं सांगू? नवा आवाज लोकांना जास्त कळतोय."

ज्यानं लिंक पाठवली होती त्यालाही तिनं विचारलं. त्याच्याकडचाही गेम बदलला होता.

मग तिनं मायला सगळं सांगितलं. तक्रार आपणच केली होती, हेही. गिरजा मासे साफ करत होती. तिनं हात थांबवला नाही.

"मले विचारा लागत होतं," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं फोन मागितला नाही. दिव्यानीशी ती कामापुरतंच बोलते. दिव्यानी अजून नवे गेम शोधते, पण त्यांच्याबद्दल कुणाला सांगत नाही, आणि आवाज बंद करूनच खेळते.