उत्तररंगात बंद पडणारा कॉम्प्युटर

या, जरा पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात की डोळा लागतो. एक गोष्ट सांगतो, बुऱ्हाणपुरात घरोघर कॉम्प्युटर येऊ लागले होते तेव्हाची. यंत्राची गोष्ट म्हणून नाक मुरडू नका. हिच्यात पेटी आहे, तबला आहे, बुक्क्याचा वास आहे. ऐका तर.

सुधाकरने भाजीची पिशवी दारातच टाकली आणि चपला न काढता तो आतल्या खोलीत धावला. पडदा काळा. टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट मुकाट फिरत होती, आणि तिच्यातला आवाज वायरीतून जाऊन बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या उंबऱ्यावर अडला होता. त्याने खटकन बटण दाबून कॅसेट थांबवली.

“बंद पडला रे परत,” पलंगाच्या कडेला बसलेली आई म्हणाली.

“कुठवर आलं होतं?”

“नावाडी नुकताच मागं फिरला होता.”

सुधाकर खुर्चीत बसला. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून पाहिला, तर पत्रा तापलेला. पण चैत्र सरता सरता बुऱ्हाणपुरात दाराची कडीसुद्धा तापते, तेव्हा त्याचं त्याला काही वाटलं नाही.

कॅसेटमध्ये त्याचे वडील होते. दिगंबरबुवा. तुकईथडपासून धूलकोटपर्यंत, केळीच्या बागा राखणाऱ्यांपासून कापडाच्या व्यापाऱ्यांपर्यंत, बुवांचं कीर्तन म्हटलं की माणसं कामं आवरून येत. बुवा गेले त्याला आता तीन वर्षं होत होती, आणि एवढ्या मोठ्या गळ्याचं मागे उरलेलं म्हणजे ही एक कॅसेट. गल्लीतल्या मारुतीच्या मंदिरात कुणीतरी खांबापाशी टेप ठेवून भरलेली. पहिल्या बाजूला पूर्वरंग, दुसऱ्या बाजूला उत्तररंग. उत्तररंगात तापीवरच्या एका नावाड्याचं आख्यान होतं. ते बुवांनी स्वतः रचलेलं, आणि दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

पहिली बाजू पहिल्याच खेपेला बिनबोभाट कॉम्प्युटरमध्ये उतरली. दुसरी काही केल्या उतरेना. कधी आख्यान सुरू होऊन पाच-दहा मिनिटं झाली की, कधी नावाडी मागे फिरल्यावर, कॉम्प्युटर एकाएकी डोळे मिटायचा, आणि तोवर भरलेलं सगळं पुसलं जायचं.

सिंधीपुऱ्यातला भाईदास संध्याकाळी स्कूटरवरून आला. कॉम्प्युटरची दुरुस्ती त्याच्याकडे होती. त्याने चहा बशीत ओतला आणि हात टेकले.

“सरजी, रॅम काढून रबरानं घासली. पंखा साफ केला. पॉवर सप्लाय नवा टाकला, विंडोज परत भरली. माझ्या दुकानी दिवसभर गाणी वाजवली, गेम खेळलो. मशीन एकदम मक्खन! तुमच्या घरी आली का नखरे सुरू.”

“घरी तरी नेहमी कुठं? मी परीक्षेचे पेपर टाइप करतो तेव्हा सुतासारखा सरळ चालतो.”

“मतलब फक्त बुवांच्या वेळी.”

“तेही उत्तररंगातच.”

“हे उत्तररंग म्हणजे?”

“आधी पूर्वरंग, म्हणजे अभंगाचं निरूपण. मग मध्यंतर. आणि मग आख्यान, गोष्ट.”

“तर मग सरळ आहे. मशीनला गोष्टीची ॲलर्जी आहे.”

“हसू नको रे भाईदास,” आई आतून म्हणाली. “समोरची गोदाबाई म्हणते, बुवांनाच त्या डब्यात जायचं नाहीये.”

“असं कसं काकू? पूर्वरंगाला तर खुशीनं गेले! कॅसेट द्या एक दिवस, माझ्या दुकानी भरून आणतो.”

“बुवा दुकानात जायचे नाहीत.” आईने एका वाक्यात निकाल लावला. ती कॅसेट घराबाहेर न्यायची नाही आणि उगाच वाजवायचीही नाही, हे बुवा गेल्यापासून ठरलेलं होतं.

भाईदासने कॅसेट उजेडात धरून पाहिली, आणि त्याच्या तोंडावरचं हसू ओसरलं.

“सरजी, पट्टी पार झिजली आहे. दरवेळी थोडी थोडी उतरते. आणखी दोन-चार वेळा चालवली का फक्त खरखर राहील. पुढच्या वेळी पक्कं करून घ्या.”

तो गेल्यावर सुधाकर दारापुढच्या ओट्यावर येऊन बसला. मालती, त्याची बायको, पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी तुकईथडला गेली होती. येणाऱ्या लेकराला आजोबांचा आवाज ऐकवायचा, असं दोघांनी मनाशी धरलेलं. तो आवाज आता पट्टीवरून भुकटी होऊन उडून चालला होता.

सुधाकर शाळेत गणित शिकवायचा. उत्तर चुकलं की पोरांना तो म्हणायचा, सगळं खोडू नका, एका वेळी एकच पायरी बदलून बघा. इथे पॉवर सप्लाय बदलून झाला, वायर बदलली, भिंतीतला प्लगपॉइंटसुद्धा बदलला. न बदललेलं काय राहिलं? त्याने स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. फ्रिजमध्ये गिलकी होती, टोपलीत गिलकी होती, आणि दारातल्या पिशवीतही गिलकीच होती.

दरवेळी तो कॅसेट उलटी करायचा, बटण दाबायचा आणि पिशवी उचलून बाजारात जायचा. अण्णांचा, म्हणजे बुवांचा, पहिला आलाप कानावर पडला की त्याला घरात काही ना काही संपल्याचं आठवायचं.

पुढच्या रविवारी दुपारी त्याने कॅसेट उलटी केली, बटण दाबलं, आणि स्टूल ओढून तिथेच बसला.

आईने दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“जाणार नाहीस?”

“नाही. आज बसतो.”

“भाजी?”

“गिलकी आहेत की.”

“हां,” आई म्हणाली. पदराचं टोक तिने बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

स्पीकरमधून पेटीचा सूर आला, आणि त्यावर अण्णांचा आवाज. सुधाकरने नजर पडद्यावर खिळवून ठेवली. तिथे आवाजाची हिरवी रेघ डोंगर-दऱ्यांसारखी उठत होती, बसत होती. दोनदा उठून जावंसं वाटलं, पण तो स्टुलावरून हलला नाही.

आई उठली. एकदा थबकली, मग कोपऱ्यातल्या ट्रंकेकडे गेली. झाकण उघडताच डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर झाला. ट्रंकेत बुवांना जन्मभर मिळालेल्या शाली होत्या; रेशमी, सुती, लोकरी. आईने वरची एक लोकरी शाल काढली. देव्हाऱ्यातून बुक्क्याची डबी आणली, आणि परडीतून मोगऱ्याची माळ. मुलाकडे न बघता ती कॅबिनेटसमोर उभी राहिली. चिमूटभर बुक्का त्याच्या पत्र्याच्या कपाळाला लावला, माळ घातली, आणि शाल उलगडून दोन्ही खांद्यांवरून नीट पांघरली, अगदी मागच्या जाळीपर्यंत. मग हात जोडले.

सुधाकर बघतच राहिला. मध्यंतरात बुवांना बुक्का लावतात, हार घालतात, शाल देतात. कॅसेट उलटली म्हणजे मध्यंतर झालं. कधी सुती शाल असणार, तेव्हा आख्यान नावाडी मागे फिरेपर्यंत चालायचं. कधी लोकरी, तेव्हा पाच-दहा मिनिटांत कारभार आटोपायचा. त्याने शालीखालून हात घालून पाहिला. आतला पंखा घुसमटल्यासारखा घरघरत होता आणि तळहाताला भट्टीची धग लागत होती.

“दरवेळी घालतेस?”

“बंद पडला की बुक्का पुसते, शाल काढून ठेवते. वाटलं, बुवा दमले.” आई खाली बघत म्हणाली. “तू हसशील म्हणून सांगितलं नाही. इतक्यांनी शाली घातल्या रे त्यांना. माझ्या हातची एकही नाही.”

शाल ओढून काढायला सुधाकरचा हात अर्धा उठला होता. तो त्याने मांडीवर ठेवला. पडद्यावरची हिरवी रेघ अजून चालत होती.

“आई, शाल घेतल्यावर अण्णा पुढं काय करायचे?”

“मला काय ठाऊक?”

“म्हणजे?”

“अरे, शाल घातली की मी उठून मागं. चाळीस वर्षं प्रसाद माझ्याकडं. दीडशे-दोनशे माणसांचा शिरा काय आपोआप होतो? उत्तररंग मी कधी ऐकलाय!” तिने स्पीकरकडे हनुवटी केली. “हा नावाडी. जत्रेच्या दिवशी सगळ्यांना पलीकडं देवाच्या दर्शनाला नेऊन सोडतो, आणि आपण उतरणार तेवढ्यात अलीकडून कुणीतरी हाक मारतं, की हा मागं. इथवर ठाऊक आहे मला, कढई चढेपर्यंतचं. पुढं त्याला देव भेटला का, विचारलं तर बुवा म्हणायचे, कीर्तनात ऐक. आणि हे यंत्र नेमकं तिथंच...”

सुधाकरला एकदम आठवलं ते सगळं सांगण्याइतका वेळ नव्हता. पत्रा तापत होता.

“मला ठाऊक आहे काय करायचे ते,” तो म्हणाला. “मी पुढंच बसायचो ना. शाल हात जोडून घ्यायचे, कपाळाला लावायचे, आणि लगेच घडी करून पेटीवाल्यापाशी द्यायचे. अंगावर ठेवून कीर्तन कसं करणार? उत्तररंगात नाचायचं असतं, घामानं सदरा भिजायचा त्यांचा. ती घडी डोक्याखाली घेऊन मी झोपायचो. म्हणून तर मलाही शेवट ठाऊक नाही.”

आईचे डोळे मोठे झाले. तिने शालीकडे पाहिलं, कॅबिनेटकडे पाहिलं.

“अगं बाई! म्हणजे इतके दिवस मी त्यांना उकडत ठेवलं?”

“जरासं.”

“सांगायचं नाही का मेल्या!” तिने झटक्यात शाल काढली. घडी घालून सुधाकरच्या मांडीवर ठेवली. पदराने पत्रा टिपायला गेली आणि चटका बसून हात झाडला. मग पलंगाखालून हातपंखा ओढून काढला आणि मागच्या जाळीशी बसून वारा घालू लागली, जेवायला बसलेल्या माणसाला घालतात तसा, संथ. सुधाकरने हळूच कॅबिनेटचा बाजूचा पत्राही मोकळा केला. घरघर कमी होत गेली.

आख्यान पुढे सरकलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. नावाडी मागे फिरला त्या जागी येऊन आईचा हात थबकला. पण आवाज थांबला नाही. बुवा पुढे सांगत गेले. दिवेलागण झाली. जत्रा पांगली. नावाडी वल्हं आवरत होता, तेवढ्यात पलीकडल्या काठावरून हाक आली. दमलेला नावाडी गेला. एकटाच माणूस उभा होता. तो नावेत बसला, आणि नाव धारेत आली तेव्हा म्हणाला, बाबा रे, मला पलीकडं जायचं नाही. दिवसभर बघतोय, सगळ्यांना माझ्याकडं आणून सोडतोस आणि तू तेवढा वळतोस. इथंच घडीभर थांबव. तुझ्याशी बोलायला आलोय.

बुवा तिथे थांबले. सगळं मंदिर थांबलं असावं, कारण कॅसेटमध्ये पेटीसुद्धा वाजत नव्हती. आणि त्या शांततेत, लांबून, खरड, खरड, असा आवाज आला. लोखंडावर लोखंड.

आईने कान टवकारले.

“शिरा बुडाला लागत होता त्या दिवशी,” ती म्हणाली. आणि हातपंखा पुन्हा हलू लागला.

दुसऱ्या दिवशी भाईदास सीडी काढून द्यायला आला. कॉम्प्युटरच्या कपाळावरचा बुक्का बघून त्याने भुवया उंचावल्या, पण विचारलं नाही. डोक्याला हेडफोन लावून तो इथून तिथून ऐकत गेला आणि शेवटाकडे येऊन थांबला.

“सरजी, रेकॉर्डिंग बढिया झाली. फक्त इथं पाठीमागं बरतनाची खरखर आहे. ऐन मोक्याला. सॉफ्टवेअरमधून पुसून टाकतो, दोन मिनिटांचं काम.”

“पुसू नको.”

“कचरा आहे सरजी.”

“आई आहे ती,” सुधाकर म्हणाला.

भाईदासने हेडफोन काढला. स्वयंपाकघरात आई फोनवर मोठमोठ्याने बोलत होती. तुकईथडच्या फोनमध्ये खूप ओरडावं लागायचं. “हो गं मालती, नावाड्याला देव भेटला! नाही, तू ये मग सांगते. सगळी सांगते, शेवटापर्यंत!” भाईदासने माउस उचलला, तो आवाज होता तसा राहू दिला आणि सीडी आत सरकवली.

तर मंडळी, एवढीच गोष्ट. कधी कीर्तनाला गेलात आणि शेवटी हातावर गरम शिरा पडला, तर तोंडात घालण्याआधी आतल्या दाराकडे एकदा बघा. तिथे कुणीतरी बाई कढई खरवडत असेल. नाव ठाऊक नसलं तरी चालेल. तेवढी तिची आठवण ठेवा.